चौथी बांधणी

शाळेतून पुन्हा तेच पुस्तक आलंय.
दुरी पोस्टमन पिवळ्या बसमधून उतरला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं टेबलावर ठेवून म्हणाला,
"नेसा, तुझा पेशंट."

चौथ्यांदा या टेबलावर.
पाठ मोडलेली, दोरे बाहेर,
मधल्या पानांचा जुडगा पडू घातलेल्या दातासारखा हलतोय.
मी सरस तापायला ठेवते.
खिडकीबाहेर लार्च पिवळे झालेत,
दोन आठवड्यांत नागडे होतील.

गोष्ट सगळ्या खोऱ्याला पाठ आहे.
एक मुलगा, त्याचं आंधळं खेचर, मिठाच्या गोण्या,
आणि खिंडीपलीकडे एक गाव, जिथलं मीठ संपलंय.
बस्स.
कोणी राजा होत नाही, कोणाचं लग्न लागत नाही.
शेवटच्या पानावर एक म्हातारी
सूपमध्ये चिमूटभर मीठ टाकते,
चव घेते, डोळे मिटते.

बाल्त्सरच्या साठ गाई आहेत वर, कुरणात.
तो म्हणतो, लिहिणाऱ्यानं डोंगर खालून पाहिला असणार.
एवढ्या पानांत एकदाही शेण नाही,
कोणाची टाच फुटत नाही,
वादळसुद्धा जेवणं उरकल्यावर येतं.
"मग पोरीला तीनदा का वाचून दाखवलंस?"
तो ग्लासात बघतो.
"ते वेगळं."

पानं सुटी करताना जे सापडतं ते बशीत काढते:
गवताची काडी,
स्की-लिफ्टचं तिकीट,
चीजचा दगड झालेला तुकडा.
समासात पेन्सिलीनं:
खेचर असं वळत नाही. बाल्त्सर, इयत्ता चौथी.
खाली, वेगळ्या अक्षरात, वीसेक वर्षांनंतर:
वळतं. आमचं वळायचं.
आणि त्याखाली जांभळ्या पेननं, परवाचंच असावं:
खेचर म्हणजे काय?

पहिली बांधणी आईनं केली होती.
त्या हिवाळ्यात हिमलोट शाळेच्या दारापर्यंत आला
आणि आम्ही एकोणीस जण तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांवर, सहा दिवस.
बाईंजवळ एवढंच पुस्तक.
संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून.
मुलगा वादळात खेचराचा कान धरून शंभरपर्यंत मोजतो,
तिथं आलं की आम्हीही मोजायचो,
आधी हळू, मग ओरडून,
कारण वर फावड्यांचा आवाज येतोय असं वाटायचं.
सातव्या दिवशी खरंच आला.
दार फुटलं, उजेड डोळ्यांत घुसला, कोणाचे तरी हात दिसले,
आणि बाल्त्सर त्या हातांकडे न बघता
बाईंना विचारत होता,
"पण मीठ पोचलं का?"

त्याला माहीत होतं. चार वेळा पोचलं होतं.

नव्या मास्तरांनी पाच कोऱ्या प्रती मागवल्या,
रंगीत चित्रांच्या, माझ्या सरसाहून स्वस्त.
मुलं नेत नाहीत.
"त्यात कोणी काही लिहिलेलंच नाही,"
लादीना म्हणाली.

उन्हाळ्यात लांबून माणसं येतात,
खिंडीतली ती झोपडी शोधत.
झोपडी नव्हतीच कधी.
म्हणून गावानं बांधली, पुढे प्लायवूडचं खेचर.
मी हसायचे.
मग एकदा एका बाईनं त्याच्या पायाशी
मिठाची पुडी फोडून ठेवलेली पाहिली.
संध्याकाळी पाऊस झाला,
आणि बाल्त्सरच्या बहिणीच्या बकऱ्या
प्लायवूडचे खूर चाटत बसल्या,
अंधार पडेपर्यंत हलेनात.

नवी पाठ, नवा दोरा, मेण लावलेला.
कडा मात्र कापत नाही.
पुस्तकबांधणीत कापायच्या असतात,
आईनंही कापल्या नव्हत्या.
जांभळ्या प्रश्नाखाली बोटभर जागा आहे.
माझ्या कानामागे पेन्सिल आहे.
तिथेच राहू देते.

काडी तिच्या पानात परत, तिकीट त्याच्या.
चीज तेवढं मांजराला.
तिनं हुंगलं आणि निघून गेली.