मापात पाप

खोकं उघडलं तेव्हाच कळलं, ही पत्रिका जुळायची नाही.
आत फोमचं पिवळट डोकं,
बिनकानाचं, बिनशिंगाचं,
मान रेड्याची,
आणि डावा जबडा असा फुगलेला
की दाढेनं रात्रभर झोपू दिलं नसावं.
कॅटलॉगातला फोटो मात्र नाकीडोळी नीटस.

परत पाठवायचं म्हणजे तीन आठवडे गेले.
त्यात लेक सुपीरियरवरून आलेल्या बर्फानं रस्ता बंद,
टपालगाडी पुलापलीकडे अडकलेली.
काढली करवत.

सिल्विया ओयाला, वय चौऱ्याहत्तर,
लाकडाच्या वखारीआडून, ठासणीच्या बंदुकीनं,
एका बारात.
डिसेंबर होता. माज ओसरलेला, नराची मान उतरलेली.
कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यावर तिनं मापं लिहून दिली होती:
डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाक, सव्वासात इंच.
कानामागे मान, साडेसतरा.
साच्याची भरली वीस.

मान उभी चिरली, पाचर काढली,
दोन्ही फाकी स्क्रूनं आवळल्या, फटीत फोम ओतला.
तो फसफसून वर आला, ऊतू जाणाऱ्या दुधासारखा,
आणि दुधासारखाच, लक्ष नव्हतं तेव्हा.
मग कानस.

रेनो काउपीकडे मी नऊ वर्षं कानस धरली.
तो बोलायचा कमी, खोकायचा जास्त.
एवढं मात्र दर हिवाळ्यात सांगायचा:
मापात पाप नको.
ओलं कातडं ओढून बसवशील,
वाळलं की ते आपलं ओढून घेईल.

डाव्या जबड्याला दोन संध्याकाळी लागल्या.
उजव्याकडे बघायचं, डावा घासायचा,
कंपास लावायचा, पुन्हा घासायचा.
भुसा कॉफीत, भुवयांत,
कुत्री शिंकून शिंकून बाहेर जाऊन बसली, उणे अकरात.
शेवटी दोन्ही गाल एका मापाचे.
मी स्वतःवर खूश. दिवा मालवतानाही
वळून एकदा पाहिलं.

सकाळी कमावलेलं कातडं चढवलं.
मान: हातमोजा.
उजवा गाल: हातमोजा.
डाव्या गालाखाली मूठभर कातडं उरलं.
सरकवलं, फिरवलं, उरलंच.
अंगठ्यानं केस उलटे सारले तर खाली
तांदळाच्या दाण्याएवढा वण,
जुना, गुळगुळीत.

फोन केला. ‘सिल्विया, खालचा जबडा कुठाय?’
‘कुत्र्याला दिला.’
चुलीवर काहीतरी खदखदत होतं तिच्याकडे.
‘वाकडा होता म्हणून विचारतोयस?’

चार वर्षं तिच्या झाडाखालची सफरचंदं
तो एकाच बाजूनं चावायचा,
रस डावीकडून गळायचा, लाळेरं बांधावं असा.
कुणाची तरी गोळी, कुणाची तरी गाडी, तिला ठाऊक नाही.
‘आधी का नाही बोललात?’
‘तू डोळा, नाक, मान एवढंच विचारलंस.’

बर्फ हटला त्या दिवशी ती आली,
बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर.
मी मातीचा गोळा मळून तयार ठेवला होता.
घासून टाकलेलं आता थापायचं होतं,
आणि थापायचं कशावरून, तर तिच्या आठवणीवरून.
‘अजून,’ ती म्हणाली. ‘अजून जरा मागं.’
मग माझा हात बाजूला सारून
स्वतःच अंगठा दाबला.
‘इथं.’

तो खळगा मी नीट केला नाही.
तसाच वर कातडं घेतलं, टाचण्या मारल्या,
पापणीची कड सुईनं आत वळवली.
आता तो भिंतीवरून थोडा तिरका बघतो,
तोंडात काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

कंपनीला लिहिलेलं तक्रारीचं पत्र टेबलावरच पडलं होतं.
मानेबद्दलचं तसंच ठेवलं.
जबड्याची ओळ खोडली.