वेलांटी

पानामागं चार आणे मिळत.
नागपूरच्या प्रचार खात्याचा इंग्रजी कागद
कंदिलाजवळ धरून मी मराठीत उतरवी,
शाळेच्याच दौतीतून.

त्या माघात आलेला कागद समुद्राबद्दल होता.
मी समुद्र पाहिलेला नव्हता.
ज्यूंनी भरलेलं एक जहाज
दूरच्या कुठल्या बंदरात का घेतलं नाही,
ते पटवून द्यायचं होतं
पऱ्हाट्या उपटून आलेल्या कास्तकारांना,
ज्यांनी विचारलंच नव्हतं.

जागा मर्यादित. रहिवाशांची शांतता.
लोंढ्यात शत्रूचे हेर असण्याचा संभव.
आणि शेवटी, सरकारचा कुणावरही राग नाही.
'राग' खोडून मी 'आकस' लिहिलं.
जरा भारदस्त वाटलं.

छापील गठ्ठा पुलगाव स्टेशनात उतरला.
पार्सलबाबू नवगावकर,
मूळचे अलिबागेकडचे, आजोबांचा तेलाचा घाणा,
शनिवारी बंद असायचा म्हणे.
हे मला माहीत होतं. भाषांतर करताना आठवलं नव्हतं.
सुतळी तुटलेली. वरचा कागद त्यांच्या हातात.
उभ्याउभ्या वाचला, मुद्रकाच्या नावापर्यंत.
मग कानामागची पेन्सिल काढली.
"'निर्वासित'मधल्या 'सि'ला दुसरी वेलांटी पडलीय, मास्तर.
पहिली हवी."
वजन लिहिलं, अकरा शेर.
पावती फाडून दिली.

रात्री चावडीवर गॅसबत्ती, खात्याची मोटार,
भोंग्यातून आधी सनई, मग मी.
ओट्याखाली, ठरल्या जागी, उकंडा बसलेला.
"मास्तर, थ्या जहाजात प्याचं पानी होतं काय?"
कागदात ते नव्हतं.
"लेकरं?"
तेही नव्हतं.
"जागा नाई म्हन्ते. रागबी नाई म्हन्ते."
तो हसल्यासारखा झाला.
"इहिरीवर आमाले तरी कोन रागावते?
सांगते फक्त."
पाटलांनी उठून गॅसबत्तीला पंप मारला,
ती चांगली जळत असताना.
कुणीतरी खोकललं. ड्रायव्हरनं पुन्हा सनई लावली.

पुढं जहाजाचं काय झालं
ते खात्यानं कधी कळवलं नाही.
माझे पैसे मात्र मनिऑर्डरनं वेळेवर आले.

त्या रात्री उरलेल्या प्रती घरी आणल्या,
लाल शाई घेतली,
आणि एकेका कागदावरची वेलांटी
दुरुस्त करत बसलो.
बायको म्हणाली, कोण पाहणार आहे?
कोंबडं आरवलं तेव्हा
एकशे बारा झाले होते.