अकरा वाजून दहा

पहिल्या सत्राच्या वहीत माझंच अक्षर:
मारतो. चावतो. ऐकत नाही.
लाल शाईत. वर तारीखही नाही.

माझगावची महापालिकेची शाळा, तळमजला,
बारा मुलं, कुरकुरता पंखा,
खिडकीत गोदीच्या भिंतीचा करडा तुकडा.
तन्वीरच्या डाव्या मनगटावर त्याचेच दात,
स्टेपलरच्या पिनांसारखे ओळीत.
सुगंधामावशी म्हणायच्या, बाई, एकदा दरडावा,
सुतासारखा सरळ येईल.
मी दरडावलं. खोटं कशाला सांगू.
तो टेबलाखाली गेला.

मग प्रशिक्षणातले तीन रकाने आखले:
आधी काय. काय झालं. नंतर काय.
आठ दिवस नुसती लिहीत बसले.
सोमवारी आधी काहीच नाही,
कुणी ढकललं नाही, डबा सांडला नाही.
मंगळवारी काहीच नाही.
बुधवारीही. पण समासातलं घड्याळ:
अकरा दहा. अकरा बारा. अकरा दहा.

गुरुवारी पाणी आलं नाही.
गुरुवारी तन्वीर चावला नाही.

तेव्हा कुठे माझे कान उघडले.
भिंतीपलीकडे पाण्याची मोटर.
गवाणकर खटका दाबतात
आणि फरशीतून, बाकाच्या पायांतून
ती हाडांत शिरते.
सतरा वर्षं मी इथे आहे,
मला ती कधी आलीच नव्हती ऐकू.
'ऐकत नाही'
हे आता कुठल्या रकान्यात लिहायचं, आणि कुणाच्या नावापुढे?

मोटर बंद ठेवता येत नाही.
वर चार मजले, सगळ्यांना तहान.
म्हणून एक चित्र काढलं:
नळ, बाण, घड्याळाचा मोठा काटा दोनवर.
अकरा पाचला ते त्याच्या बाकावर ठेवायचं.
अकरा सातला तो उठायचा,
हात नको, माझ्या ओढणीचं टोक धरून.
पहिल्या दिवशी दारापर्यंत. तेवढंच.
त्याबद्दल बाटलीचं झाकण, हवं तितका वेळ फिरवायला.
मग जिन्यापर्यंत. मग मीटरच्या पेटीपर्यंत.
तिसऱ्या आठवड्यात गवाणकर म्हणाले,
"घे रे, तूच दाब. माझे गुडघे वाकत नाहीत."
खटका छातीच्या उंचीवर होता.

त्याने दाबला.
आवाज आला. त्याने आणला म्हणून आला.
दोन्ही तळवे कानांवर नाही,
भिंतीवर ठेवले त्याने,
म्हशीच्या पाठीवर ठेवावेत तसे.

चावणं संपलं, असं नाही.
दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा पहिल्या पानावर,
फेब्रुवारीत रंगकाम निघालं तेव्हाही.
वहीत तेही आहे. तारखेसकट.

परवा तपासणीला साहेब आले.
हा मुलगा तासाला बाहेर कसा?
अकरा नऊ झाले होते.
मी बोट वर केलं: एक मिनिट.
साहेब फाइल छातीशी धरून उभे राहिले,
गवाणकर उभे, मी उभी,
आणि मग पाइपातून वर,
चौथ्या मजल्याच्याही वरच्या टाकीत
पाणी चढू लागलं.