आजचा भाव

सोहारच्या एक्स्चेंजबाहेर पगाराच्या संध्याकाळी
रांग न्हाव्याच्या दारापर्यंत जाते.
काचेमागे लाल आकडे सरकतात :
टाका, पेसो, पाकिस्तानी रुपया, मग आपला.
आपला आज पुन्हा पडलाय.
रांगेत जरा आनंदच आहे.
खेडचा इस्माईल परकार मागे वळून म्हणाला,
"दोनशे सतरा! आज चहा तुमच्याकडून, शेठ."

मीही हसलो.
खिशात ऋजुताच्या कॉलेजचा अर्ज,
चार घड्यांचा, घामाने घड्यांवर मऊ पडलेला.

फिजिओथेरपी. खाजगी. साडेचार वर्षं.
वर्षाला तीन लाख दहा हजार,
वसतिगृह वेगळं, मेस वेगळी,
अनामत वेगळी, जी परत मिळते म्हणतात,
आणि विकास निधी. कुणाचा विकास, ते लिहिलेलं नाही.
सहाव्या पानावर, बारीक अक्षरात, एक दार किलकिलं :
पालकांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल
तर निम्मी फी माफ.
परदेशी पगाराला दाखल्याच्या तारखेचा भाव धरावा.

माझा पगार तीनशे दहा रियाल.
अॅल्युमिनियमच्या कारखान्यात स्टोअरकीपर,
नट-बोल्ट मोजायला बसवलेला माणूस;
हिशेबात चुकत नाही.
वर्षाचे तीन हजार सातशे वीस.
गणपतीच्या सुमाराला भाव दोनशे बारा होता,
तेव्हा मी गरीब होतो,
कागदोपत्री, व्यवस्थित, सवलतीला पात्र.
आज होतात आठ लाख सात हजार दोनशे चाळीस.
पगार वाढलेला नाही. ओव्हरटाइम जूनपासून बंद.
खोलीत माणसं सहाच, बंक तोच, वरचा,
एसीचं पाणी गळतं तेही त्याच बादलीत.
नुसता रुपया घसरला
आणि मी सात हजारांनी श्रीमंत झालो.

ऑफिसातला कुंजुमोन म्हणाला, त्यात काय,
लेटरहेडवर दोनशे ऐंशी टाकून देतो.
सगळेच नेतात.
त्याच्या ड्रॉवरमध्ये पत्र तयार आहे, सहीसकट.

काल फोनवर पोरगी म्हणाली, "बाबा, त्या रकान्यात किती भरू?"
मी म्हटलं, थांब दोन दिवस.
"खरं आहे तेच भरायचं ना?"
तिचं नाव मीच ठेवलं होतं.
एकोणतीस वर्षांचा होतो, शब्दांची हौस होती,
आणि नावाला पैसे पडत नाहीत
असं तेव्हा वाटायचं.

या अख्ख्या रांगेत मी एकटाच
रुपया चढायची वाट बघतोय.
फार नको, दोनच रुपयांनी.
दोनशे पंधरा झाला तर
सात लाख नव्व्याण्णव हजार आठशे :
दोनशे रुपयांनी गरीब.
माझी देशभक्ती म्हणाल तर एवढीच,
आणि मुदत गुरुवारपर्यंत.

काउंटरवर बुशरा. दर महिन्याला न विचारता
'घरखर्च' टिचकवते. आज मी म्हटलं, शिक्षण.
तिची बोटं थांबली.
तिचा भाऊही इथल्याच खाजगी कॉलेजात, इंजिनिअरिंग.
"नुस हुकूमत," ती हात आडवा कापत म्हणाली,
"नुस बाबाची टॅक्सी."
निम्मं सरकार, निम्मी टॅक्सी.
मग माझी पावती मशीनमधून यायला
जरा जास्तच वेळ लागला,
आणि आम्ही दोघं त्या मशीनकडे बघत राहिलो.

बाहेर इस्माईल थांबलाच होता. शब्दाचा पक्का.
दोन करक घेतले, कागदी कपात, जीभ भाजेल असे.
दोनशे बैसा.
आजच्या भावाने त्रेचाळीस रुपये,
जे उत्पन्नातून वजा होत नाहीत.