सिंहाचं शेपूट

फणसाच्या लाकडाचा म्हातारा संत,
उंची दीड वीत, डावी मांडी वाळवीनं खाल्लेली,
तीन आठवडे माझ्या टेबलावर वाचत बसलाय.
माझगावच्या म्हातारपाखाडीतून
एस्परांसाबाई ग्राशियस त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या.
म्हणाल्या, आमच्या पणजोबाच्याही आधीचा आहे,
कुत्र्याला शेपूट नाही, तेवढं लावून द्या.

कुत्रा नाही, बाई, तो सिंह आहे.
मूळ चित्र मी पाहिलंय, म्हणजे त्याचा फोटो.
अँटवर्पच्या छापखान्यातला, तांब्याच्या पत्र्यावरून उठवलेला:
विद्वान म्हातारा आपल्या खोलीत एकटा,
पुढ्यात ग्रंथ, ग्रंथाशेजारी कवटी,
खिळ्याला चष्मा, पायाशी झोपलेला सिंह,
आणि खिडकीतून येणारं ऊन
जणू त्याच एका पानासाठी उगवलेलं.

तो कागद गलबतातून कशात दबून आला,
गोव्यात कुणाच्या पेटाऱ्यात राहिला,
वसईच्या कुठल्या पाद्र्यानं त्याला घडी घातली,
सांगता येत नाही.
घडी म्हाताऱ्याच्या नाकावरून गेली असणार.
आमच्या संताचं नाक बसकं आहे.

ज्याच्या हाती तो पडला
त्यानं सिंह पाहिला नव्हता. कवटी पाहिली असेल,
पण वाचायच्या जागी ती कोण ठेवतं?
त्यानं नारळ ठेवला,
सोललेला, शेंडी राखून, तीन डोळ्यांचा.
चष्मा म्हणजे काय ते कळलं नाही,
तेव्हा दोन बांगड्या खिळ्याला अडकवल्या,
कुणी आत्ताच काढून ठेवाव्यात तशा.
उभा ग्रंथ त्यानं आडवा केला,
सुटी पानं, पोथीची,
आणि एक पान संताच्या हातात उचलून दिलं.

हातावरची शीर मात्र चित्रात नाही.
मनगटापासून करंगळीपर्यंत फुगलेली,
रोज वाकस धरणाऱ्याची.
मी भिंगातून बघते आणि भिंग बाजूला ठेवते,
न विचारता कुणाची नाडी पाहिल्यासारखं.

आज पाठीची पोकळी साफ केली.
मेण, काजळी, एक वाळलेली मुंगी.
खाली अक्षरं निघाली.
चित्राच्या कोपऱ्यात, एका छोट्या पाटीवर,
कोरणाऱ्यानं आपली दोन अक्षरं टाकली होती.
यानं ती नक्षी समजून उतरवली, त्यातलं एक उलटं.
मग कुणीतरी त्याला सांगितलं असावं,
अरे, ही नक्षी नव्हे, नाव आहे.
देवाचं?
नाही.
राजाचं?
नाही रे. ज्यानं केलं त्याचं.

तो किती दिवस गप्प बसला असेल
ते लाकूड सांगत नाही.
पण त्या दोन अक्षरांखाली आडवी रेघ आहे, मोडीत आधी ओढतात तशी,
आणि रेघेला लटकलेलं: हरबा. किंवा हिरबा.
वळण लिहिणाऱ्याचं नाही.
कुणा कारकुनानं फळीवर कोळशानं काढून दिलं असेल,
आणि यानं फूल कोरावं तसं आपलं नाव कोरलं,
आतल्या बाजूला, भिंतीकडे जाईल असं,
कुणाला दिसू नये म्हणून.
पण खोल. पटाशी दोनदा फिरवून.

आमच्या फॉर्ममध्ये रकाना आहे, कर्ता.
तिथं 'अज्ञात' आधीच छापलेलं असतं,
वेळ वाचावा म्हणून.
मी ते खोडलं. हरबा लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह,
मग प्रश्नचिन्हही खोडलं.
गोदीत भोंगा वाजला.

शेपटाचं अजून ठरत नाही.
मागं खोबण आहे, रिकामी,
तिचा कोन वरच्या दिशेला.
झोपलेल्या सिंहाचं शेपूट असं नसतं.
हे बहुतेक
दारात कुणी ओळखीचं आल्यावर
हलत असलेलं शेपूट.