निगुडकरांचं सोमवारचं सदर

यादवराव निगुडकर लिहायचे तेव्हा
चिमणबागेवर कुणी नुसतं हरत नसे.
धूळ चाटायचं, नांगी टाकायचं, लोटांगण घालायचं,
आणि सलामीची जोडी लवकर गेली
की डावाचं कंबरडं मोडायचंच.
मी प्रूफं वाचायचो. एका हिवाळ्यात मोजली:
अकरा सोमवार, सतरा कंबरडी.
एवढी हाडं इंदुरात
फक्त एमवाय हॉस्पिटलात बघायला मिळत.

सियागंजच्या मागे आमचं साप्ताहिक.
खाली मसाल्याची वखार, वर आम्ही,
हळदीचा खकाणा थेट खिळ्यांवर.
निगुडकर रविवारी रात्री यायचे,
सायकलची क्लिप पायजम्याला तशीच,
आणि उभ्यानेच म्हणायचे, लिहा:
"रणांगणावर आज रक्त सांडले नाही, इतकेच."
सामना होता बँक विरुद्ध कापड गिरणी.
गिरणीचा बारावा गडी दोन्ही संघांना चहा देत होता.

वाचक खूश. कोपऱ्यावरचा पानवाला
अडखळत मराठी वाचायचा आणि हाक मारायचा,
भिया, आज किसकी कमर तोड़ी?
निगुडकर तेव्हा नामांकित सर्जनसारखी
मान खाली घालायचे.

मग त्यांचा मोतीबिंदू पिकत गेला.
सांगितलं नाही कुणाला. मला कळलं
एकशे एक्याण्णवचे त्यांनी एकशे अकरा सांगितले तेव्हा.
त्या मोसमात ते साइटस्क्रीनशेजारच्या बाकावर
डोळे मिटूनच बसत.
आणि लिहून घेताना माझा हात थांबू लागला:

"चेंडू दिसला नाही. बॅटचा आवाज ओला होता,
म्हणजे कडेला लागला असावा.
मग कुणीतरी मराठीत शिवी दिली, हळू.
त्यावरून झेल सुटल्याचे कळले."

"बाद झालेल्या मुलाचे बूट
आमच्या समोरून खडीवरून गेले.
घाई नव्हती त्यांना."

मी फक्त आकडे भरले. बाकी कशाला हात लावला नाही.
पानवाला म्हणाला, क्या हुआ भिया, तबीयत ठीक नहीं?
मालकांकडे तीन पत्रं आली, लेखणीची धार गेली म्हणून.
चौथं परदेशीपुऱ्यातून, एका गोलंदाजाच्या आईचं:
धावताना तो नाकाने सूं सूं करतो
हे तुम्हाला कसं कळलं? घरी झोपेतही करतो.
निगुडकर म्हणाले, परत वाचा.
मी वाचलं. म्हणाले, आणखी एकदा.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं.
हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा आला,
आणि रविवारी रात्री निगुडकर
दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आले.
सगळं दिसतं हो! पंचाच्या कोटाचं
लोंबणारं बटणसुद्धा!
लिहा, म्हणाले, आणि घसा खाकरला.

"घणाघाती माऱ्यापुढे गिरणीच्या डावाचे कंबरडे"

माझी पेन्सिल हवेत.
खाली वखारीत कुणी मिरच्यांचं पोतं आपटलं,
आम्ही दोघंही शिंकलो.
मोडले, मी विचारलं, की मोडून पडले?
त्यांनी नवे डोळे बारीक केले, बराच विचार केला.
मोडून पडले, म्हणाले. पडू द्या.

बटणाचं मात्र कुठेच आलं नाही.