रिकामा रकाना

म्बिताच्या धक्क्याजवळ, खिळे-पत्र्यांच्या दुकानावर
आमचा वर्ग. चार बाकं, सहा फोन,
दोघांच्या काचा तडकलेल्या.
पहिल्या दिवशी मी फळ्यावर ढग काढला
आणि पुसावा लागला,
कारण ओग्वेनो म्हणाला, "म्वालिमू, ढग आम्ही रोज वाचतो.
काळवंडला की होडी काढत नाही.
तुमचा हा कुठला?"

माझा म्हणजे, म्हटलं,
तिकडे केपटाउनला एक लांबलचक शेड आहे,
आत कपाटांमागे कपाटं, पंख्यांची घरघर.
तिथल्या यंत्राचा एक कोपरा आपण घेतलाय,
जेवढा वापरू तेवढं भाडं.
"मग भाड्याची खोली म्हणा ना सरळ,"
आजवांग म्हणाली. ओमेना विकणारी,
बोटांच्या बेचक्यांत खवल्यांची चांदी.
तेव्हापासून आमच्यात क्लाउडचं नाव
भाड्याची खोली.

आधी पडदा. त्यावर एकच बटण, अंगठ्याएवढं,
ओल्या हातालाही सापडेल असं.
बटण दाबलं की फोन जातो खोलीच्या दाराशी.
दार विचारतं, कोण?
तिथे "मीच" म्हणून भागत नाही,
खूण दाखवावी लागते, आणि ती रोज बदलते.
मधल्या पाण्यात रेंज नाही,
तर फोनने गोष्ट आधी पोटात ठेवायची
आणि किनारा आला की ओठांवर आणायची.
एकाच पाटीचा भाव दोघींनी वेगवेगळा लिहिला तर?
जी शेवटी बोलली तिचा खरा.
अलू हसली, "हे तर बाजारात आधीपासूनच आहे."

तीन आठवड्यांत अ‍ॅप उभं राहिलं.
होडीचं नाव. निघाल्याची वेळ. किती दिवे नेले.
परतल्याची वेळ. किती पाट्या.
परतल्याच्या वेळेपुढे मी लाल चांदणी लावली होती:
हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आजवांगने फोन खाली ठेवला.
"आणि होडी आलीच नाही तर?"
उशिरा आली तर उशिराची वेळ टाक, म्हटलं.
"उशिरा नाही. आलीच नाही."
खाली दुकानात कोणीतरी खिळे तोलत होतं,
तेवढाच आवाज.

शून्य टाकता आलं असतं.
पण वेळेच्या रकान्यात शून्य म्हणजे मध्यरात्र;
यंत्र सगळ्यांना बिनदिक्कत सांगत सुटलं असतं
की होडी मध्यरात्री परतली.
शून्य वेगळं, रिकामं वेगळं,
हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत दोन गुणांना.
त्या दुपारी फळ्याकडे पाठ करून
मी एक शब्द खोडला. चांदणी गेली.
नवी आवृत्ती वर चढवताना वीज गेली, आली,
परत चढवली.

संध्याकाळी धक्क्यावर जाळ्यांवर ओमेना वाळत होती.
आजवांगने एका बोटाने टाइप केलं
न्यार-सेमे. तारीख आठ वर्षांपूर्वीची,
अमावास्येच्या आसपासची, जेव्हा दिव्यांना मासे भुलतात.
दिवे पाच.
परतल्याची वेळ तिने नुसती बोटाने चाचपली,
जणू तिथे काही उमटतंय का ते बघावं,
आणि बटण दाबलं.
जतन झालं, फोन म्हणाला. तो सगळ्यांना तेच म्हणतो.

महिनाअखेर भाडं आलं, एका पाटीच्या भावाहूनही कमी.
ओग्वेनोने हिशेब दोनदा तपासला,
त्याला वाटलं, खोलीवाल्याची काहीतरी चूक झालीय.

आता पहाटे अ‍ॅप उघडलं की
परतलेल्या होड्या वेळेप्रमाणे लागतात,
आणि रिकामे रकाने सगळ्यांच्या वर.
म्हणून न्यार-सेमे रोज पहिली.
तिच्याखाली रात्रीच्या होड्या,
ज्या अजून पाण्यावर आहेत, दिवे विझवतायत.
क्रम कसा बदलायचा ते मला माहीत आहे.
एका ओळीचं काम.
ओग्वेनो आठवण करून देतो, मी म्हणते, बघते.